सोनेरी शिंपला आणि त्याचा जीनोम : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात शिकवताना, विद्यार्थ्यांना घेऊन तलावावर जाताना, मत्स्यसंस्थांच्या बैठकांमध्ये हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही मासेमार बांधवांचे आहेत, काही बारावी-बीएस्सीच्या मुलांचे, काही पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या अभियंत्यांचे. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान केलं आहे. जिथे विषय खोल आहे तिथे उत्तर लांबलं आहे, ते सावकाश वाचा.

हा सोनेरी शिंपला म्हणजे नेमका कोण?

शास्त्रीय नाव लिम्नोपर्ना फॉर्च्युनिआय. मूळचा दक्षिण चीनमधल्या नद्यांचा. लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, रंग पिवळसर सोनेरी ते तपकिरी. कोकणात जे शिनाणे खातात त्यांच्याच कुळातला, मायटिलिडी कुळातला हा प्राणी आहे. त्याच्या पूर्वजांनी खारं पाणी सोडलं आणि ते गोड्या पाण्यात रुळले, पण दगडाला धरून राहायची समुद्रातली सवय सोबत आली. पायाजवळच्या ग्रंथीतून तो चिकट धागे सोडतो आणि दगड, लोखंड, काँक्रीट, प्लास्टिक, दोर, दुसरा शिंपला, जे सापडेल त्याला घट्ट चिकटतो. एकावर एक असे थर चढत जातात. एका चौरस मीटरमध्ये लाखभर शिंपले मोजले गेल्याच्या नोंदी आहेत.

१९९१ मध्ये तो अर्जेंटिनात रिओ दे ला प्लाताच्या काठावर दिसला. जहाजांच्या पोटातल्या तोल सांभाळायच्या पाण्यातून तो तिथे पोचला असं मानतात. पुढच्या दहा वर्षांत, २००१ पर्यंत, ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू या महाकाय जलविद्युत धरणापर्यंत त्याने मजल मारली. हा सगळा प्रवास नदीच्या प्रवाहाविरुद्धचा, म्हणजे बोटींच्या तळाला चिकटून झालेला. जपानमध्ये नव्वदच्या दशकात तो बिवा सरोवरात पोचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटन बंदराजवळ सापडला, उत्तर अमेरिकेतली ती पहिलीच नोंद.

आणि झेब्रा शिंपला? तो वेगळा का?

वेगळा. झेब्रा आणि त्याचा भाऊबंद क्वागा हे ड्रेइसेनिडी कुळातले, काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरातून निघालेले. १९८८ मध्ये झेब्रा उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत सापडला आणि १९८९ च्या डिसेंबरात मिशिगनमधल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा त्याच्यामुळे बंद पडला. राहणी सोनेरी शिंपल्यासारखीच, पण नातं फार दूरचं. दोन वेगळ्या घराण्यांनी गोड्या पाण्यात शिरून एकच युक्ती, चिकटून राहण्याची, वापरली. म्हणूनच दोघांचे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, शेजारी ठेवून वाचण्यात अर्थ आहे.

आपल्यासाठी मी सोनेरी शिंपल्याची काळजी जास्त करतो. झेब्राला थंड प्रदेश मानवतो, पाणी फार तापलं की तो मरू लागतो. सोनेरी शिंपला तीस अंशांच्या वर तापलेल्या पाण्यातही तग धरतो. कवच बांधायला त्याला कॅल्शियमही फार थोडं लागतं. लिटरमागे तीन-चार मिलिग्रॅम असलं तरी भागतं. आपल्या नद्या-तलावांच्या पाण्यात याहून बरंच जास्त असतं.

नागपूरला समुद्र नाही, बंदर नाही. इथे कशाला ही चिंता?

समुद्र नाही, पण पाणी वाहून नेण्याची मोठी यंत्रणा आहे, आणि या शिंपल्याला नेमकं तेच हवं असतं. शहराचं बहुतेक पाणी पेंचच्या नवेगाव खैरी धरणातून आणि कन्हान नदीतून येतं. वर तोतलाडोहला १६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं थंडाव्यासाठी पाण्यावर चालतात. कालवे, जाळ्या, पंप, वाहिन्या, शीतकरणाच्या नळ्या हे सगळे कडक पृष्ठभाग आहेत, त्यांवरून सतत ताजं पाणी वाहतं, आणि आतल्या अंधारात शिंपले खाणारा मासा पोचत नाही. शिंपल्याला बसायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

दुसरी गोष्ट नद्याजोडाची. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दमधून बुलढाण्यातल्या नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्यांनी नेण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पश्चिम विदर्भाला पाणी हवंच आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात जातं तेव्हा त्यातले जीवही जातात. चीनमध्ये दक्षिणेचं पाणी उत्तरेकडे नेणाऱ्या कालव्यांत हाच शिंपला उत्तरेकडे सरकला. साठच्या दशकात हाँगकाँगमध्येही तो पाणी आणणाऱ्या वाहिनीतूनच शिरला. कालवा आखतानाच तपासणीची सोय केली तर ती स्वस्तात होते. शिंपले बसल्यावर वाहिनी खरवडत राहण्याचा खर्च दरवर्षीचा असतो.

तिसरी वाट घराघरातून जाते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत मत्स्यालयांच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांमध्ये जिवंत झेब्रा शिंपले सापडले. ते गोळे युक्रेनहून आले होते. म्हणजे काचेच्या टाकीतलं पाणी आणि वनस्पती फुटाळ्यात किंवा अंबाझरीत नेऊन ओतणं ही साधी गोष्ट नाही. मत्स्यबीजाच्या पिशव्या, एका तलावातून दुसऱ्या तलावात नेलेली ओली जाळी, शिंगाड्याच्या वेली, खिंडसीसारख्या ठिकाणच्या बोटी या सगळ्यांतून अळ्या जाऊ शकतात. अळी मिलिमीटरच्या एक-दोन दशांश एवढी असते. डोळ्यांना दिसत नाही. कोमट पाण्यात साधारण दोन आठवडे ती तरंगत राहते, मग कुठेतरी बसते.

भारतात असा परका शिंपला कधी आला आहे का?

हो. मायटिलोप्सिस सॅली हा काळ्या पट्ट्यांचा शिंपला साठच्या दशकात विशाखापट्टणम बंदरात सापडला, पुढे मुंबई बंदरातही. तो झेब्राच्याच कुळातला, मूळचा कॅरिबियन बाजूचा, निमखाऱ्या पाण्यात राहणारा. केरळच्या अष्टमुडी आणि वेंबनाड कायलांमध्ये (समुद्राला जोडलेल्या सरोवरांमध्ये) मायटेला स्ट्रिगाटा हा दक्षिण अमेरिकेतला शिंपला अलीकडच्या काळात पसरला आणि तिथल्या शिनाण्यांच्या व कालवांच्या जागा त्याने बळकावल्या. किनारा सोडून थेट विदर्भात येणारा प्रवासी वेगळा असेल, पण परके शिंपले आपल्या देशात रुजतात हे सिद्ध झालेलं आहे.

“आमच्या तलावात तं लय शिंपले आहेत. तेच का हे?”

नाही. आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण चुकीची ओळख झाली तर आपलेच शिंपले मारले जातील.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत, वैनगंगेत, कन्हानच्या वाळूत जे मोठे शिंपले मिळतात ते लॅमेलिडेन्स आणि परेशिया या आपल्या प्रजाती. ते चिखलात किंवा वाळूत अर्धे रुतून एकेकटे राहतात. हाताच्या तळव्यात मावेल एवढे होतात. आतून मोत्यासारखी चमक असते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने याच शिंपल्यांमध्ये मोती पिकवण्याचं तंत्र विकसित केलं. मोठा झालेला आपला शिंपला धाग्याने कशालाही चिकटत नाही. सोनेरी शिंपला लहान असतो, घोळक्याने असतो आणि ओढला तर धागे तुटल्याचं हाताला जाणवतं.

पिल्लांतही फरक आहे. आपल्या शिंपल्याची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ राहतात, मग खाली पडून चिखलात वाढतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. सोनेरी शिंपल्याला मासा लागत नाही, त्याच्या अळ्या पाण्यात मोकळ्या तरंगतात. यामुळेच तो झपाट्याने पसरतो. शिवाय जिथे तो पोचला तिथे स्थानिक शिंपल्यांच्या कवचावरच बसला. खालच्याला तोंड उघडता येत नाही, सरकता येत नाही, आणि तो उपाशी मरतो.

तो पाणी गाळतो म्हणे. मग पाणी स्वच्छच होईल ना?

पाणी नितळ दिसेल, पण नितळ पाणी आणि निरोगी पाणी यांत अंतर आहे. शिंपला हिरवं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, ज्यावर माशांची पिल्लं जगतात. त्याच वेळी मायक्रोसिस्टिससारखे विषारी निळे-हिरवे जिवाणू वाढायला वाव मिळतो, कारण त्यांच्या गुठळ्या तो पुरत्या खात नाही आणि त्याच्या उत्सर्जनातून त्यांना अमोनिया व फॉस्फेट मिळतं. दक्षिण अमेरिकेत साल्तो ग्रांदे जलाशयावरच्या अभ्यासात हे दिसलं आहे.

जीनोम वाचणं म्हणजे काय?

पेशीतला सगळा डीएनए, ए-टी-जी-सी या चार अक्षरांच्या ओळीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढणं. माणसाचा जीनोम सुमारे ३१० कोटी अक्षरांचा, सोनेरी शिंपल्याचा साधारण १६० कोटींचा.

तो वाचून झाला आहे ना? मग अजून काय उरलं?

पहिलं वाचन २०१८ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं, रिओ दी जानेरोच्या फेडरल विद्यापीठातल्या गटाने. १६० कोटी अक्षरं आणि ६०,७१७ संभाव्य जनुकं. क्वागाचा जीनोम २०१९ मध्ये व्हिएन्नातून आला, सुमारे १२४ कोटींचा. झेब्राचा २०२२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून, सुमारे १८० कोटींचा, आणि तो १६ गुणसूत्रांमध्ये नीट लावलेला.

“वाचून झाला” या शब्दांत बऱ्याच पायऱ्या लपलेल्या असतात. २०१८ चा मसुदा हजारो तुकड्यांत होता. अशा मसुद्याचा दर्जा सांगायला एन-फिफ्टी हा आकडा वापरतात : सगळे तुकडे लांबीच्या उतरत्या क्रमाने लावले, तर निम्मा जीनोम ज्या लांबीच्या किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत बसतो ती लांबी. सोनेरी शिंपल्याच्या पहिल्या मसुद्यात ती सुमारे ३ लाख अक्षरांची होती. अख्खं गुणसूत्र कोट्यवधी अक्षरांचं असतं, यावरून अंतर लक्षात येईल. सोनेरी शिंपल्याला १५ जोड्या गुणसूत्रं आहेत. जनुकं कोणत्या क्रमाने आहेत, कोणती शेजारी आहेत, कोणत्या खरंच दोन प्रती आहेत, हे सगळं गुणसूत्रापर्यंत नेलेल्या वाचनातूनच ठामपणे सांगता येतं.

आणखी एक मोठी गोष्ट. भूमध्य समुद्रातल्या शिनाण्याच्या नातलगावर, मायटिलस गॅलोप्रोव्हिन्सियालिसवर, २०२० मध्ये एक काम झालं. त्यात आढळलं की सुमारे ४५ हजार जनुकं सगळ्यांमध्ये असतात आणि जवळजवळ २० हजार जनुकं काही शिंपल्यांत असतात, काहींत नसतातच. एकाच प्रजातीच्या, एकाच खडकावरच्या दोन प्राण्यांमध्ये जनुकांची यादीच वेगळी! माणसांत असं या प्रमाणात होत नाही. त्यामुळे एका शिंपल्याचा जीनोम म्हणजे त्या प्रजातीचा जीनोम असं मी विद्यार्थ्यांना म्हणू देत नाही. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या नद्यांतले अनेक शिंपले वाचावे लागतील.

शिंपल्याचा जीनोम वाचणं एवढं अवघड का?

अडचण पहिल्याच पायरीपासून सुरू होते. शिंपल्याच्या शरीरात बुळबुळीत बहुशर्करा भरपूर असतात. डीएनए काढताना त्या त्याच्यासोबतच येतात आणि पुढच्या रसायनांना काम करू देत नाहीत. नळीत डीएनए भरपूर दिसतो, यंत्रात घातला की वाचन मध्येच थांबतं. म्हणून वनस्पतींसाठी बनवलेली, सीटॅब या रसायनाची पद्धत शिंपल्यांवरही वापरतात. प्राणी एवढासा असल्यामुळे एका शिंपल्यातून डीएनएही थोडाच मिळतो. दहा शिंपले एकत्र कुटून चालत नाही, कारण दहांच्या दहा तऱ्हा एकमेकांत मिसळतात.

पोटातलं अन्न ही आणखी एक कटकट. गाळून खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात शेवाळ, जिवाणू, बुरशी असं सगळं असतं. ते तसंच वाचलं गेलं तर जिवाणूचं जनुक शिंपल्याच्या नावावर चढतं. म्हणून त्याला दिवस-दोन दिवस गाळलेल्या पाण्यात उपाशी ठेवतात, पोट टाळून पाय किंवा कवच मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा घेतात, आणि तरीही नंतर संगणकावर परके तुकडे शोधून वगळतात.

सगळ्यात चिवट अडचण मात्र दोन प्रतींची. प्रत्येक गुणसूत्र जोडीने असतं, एक आईचं आणि एक वडिलांचं. शिंपल्यांमध्ये या दोन प्रतींत फार फरक असतात. कल्पना करा, एकाच पोथीच्या दोन हस्तलिखित प्रती दोन लेखकूंनी उतरवल्या, एकाने काही ओव्या गाळल्या, दुसऱ्याने काही घातल्या, आणि मग दोन्ही पोथ्या फाडून पानं एकत्र कालवली. त्यात मधली कित्येक पानं एकाच ध्रुपदाची, पुन्हा पुन्हा तेच. आता मूळ पोथी लावून द्या. संगणकाला पुष्कळदा वाटतं की एकाच ओवीची दोन रूपं म्हणजे दोन वेगळ्या ओव्या. जीनोम उगाच फुगतो आणि जनुकं दुप्पट मोजली जातात. साठ हजारांसारखे आकडे वाचताना मी म्हणूनच थोडा थांबतो. शिंपल्यांत माणसापेक्षा (सुमारे २० हजार) जास्त जनुकं असतात यात शंका नाही, पण प्रत्येक आकडा कोणत्या दर्जाच्या वाचनातून आला हे पाहायला हवं.

प्रत्यक्षात काम कसं चालतं?

जिवंत शिंपला घ्यायचा, ऊती कापून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची. लांब, न तुटलेला डीएनए मिळवायचा. यंत्रं दोन तऱ्हेची. एक १५०-१५० अक्षरांचे छोटे पण बिनचूक तुकडे देतात. दुसरी लांब वाचतात : पॅकबायोच्या हायफाय पद्धतीत एकेक तुकडा १५-२० हजार अक्षरांचा आणि अचूकता ९९.९ टक्क्यांच्या आसपास, नॅनोपोरमध्ये लाखाच्या पुढेही. प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली गेली पाहिजे असं धरलं, तर १६० कोटींच्या जीनोमसाठी ४,८०० कोटी अक्षरं वाचावी लागतात. नंतर हाय-सी नावाची पद्धत येते. पेशीच्या आत एकमेकांजवळ असलेले डीएनएचे भाग ती जोडून वाचते, त्यावरून कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्राचा ते ठरतं.

मग तपासणी. जवळजवळ सर्व प्राण्यांत एकेकच सापडणाऱ्या ९५४ जनुकांची एक ठरलेली यादी आहे, तिला बुस्को म्हणतात. तुमच्या वाचनात त्यातली किती पूर्ण मिळाली आणि किती दोनदा मिळाली ते पाहायचं. दोनदा आलेली जास्त असतील तर वर सांगितलेला दोन प्रतींचा घोळ सुटलेला नाही. शेवटी पाय, कल्ले, प्रावार (कवच बनवणारं आतलं आवरण) अशा वेगवेगळ्या ऊतींतला आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या नकला, वाचून जनुकं कुठून कुठपर्यंत आहेत ते आखतात.

मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो ना?

बहुतेक प्राण्यांत. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, त्याला स्वतःचा छोटा डीएनए असतो. पण समुद्रातल्या मायटिलससारख्या शिंपल्यांत आणि आपल्या लॅमेलिडेन्सच्या गणातल्या कित्येक गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत वडिलांचा मायटोकॉन्ड्रियाही मुलग्यांना मिळतो. नराच्या जननग्रंथीत त्याचं राज्य असतं. आईच्या आणि वडिलांच्या वंशातले क्रम इतके वेगळे असतात की नुसत्या क्रमावरून पाहिलं तर दोन प्रजाती वाटाव्यात. ओळख पटवण्यासाठी नमुना घेताना म्हणूनच पायाचा किंवा प्रावाराच्या कडेचा तुकडा घ्या, जननग्रंथी टाळा. झेब्रा शिंपल्याची वेगळीच तऱ्हा : माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात १६,५६९ अक्षरं, झेब्राच्या मायटोकॉन्ड्रियात सुमारे ६७ हजार! मधे लांबच लांब पुनरावृत्ती आहे, छोट्या तुकड्यांच्या यंत्रांनी ती कधीच लागली नसती.

एवढं वाचून हाती काय येतं?

गोड्या पाण्यात जगणं सोपं नाही. समुद्रातून आलेल्या प्राण्याच्या अंड्यात पाणी सतत आत घुसतं. क्वागाच्या जीनोमवरच्या कामात दिसलं की भ्रूण अगदी सुरुवातीच्या विभाजनांपासूनच आत आलेलं पाणी बाहेर टाकतो, आणि त्यासाठी पाण्याच्या वाहिन्यांची व आयन-पंपांची ठरावीक जनुकं चालू होतात. चिकट धाग्यांच्या प्रथिनांची जनुकं सापडतात. त्यात डोपा नावाचा बदललेला अमिनो आम्ल असतो, ओल्या पृष्ठभागाला चिकटणं त्यामुळे जमतं. रोगप्रतिकाराच्या जनुकांची कुटुंबं शिंपल्यांत फार वाढलेली दिसतात. गढूळ, जिवाणूंनी भरलेलं पाणी दिवसभर अंगातून नेणाऱ्या प्राण्याला ती लागणारच.

पण नागपूरच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटतात ते दोन उपयोग. एक, कुठे शिंपला सापडला तर तो कोणत्या नदीतून, कोणत्या देशातून आला याचा माग काढता येतो, म्हणजे वाट बंद करता येते. दुसरा पुढच्या उत्तरात.

नुसत्या पाण्यावरून शिंपला आहे की नाही ते कळतं?

कळतं. प्रत्येक प्राणी पाण्यात पेशी, श्लेष्मा, विष्ठा, शुक्राणू सोडत असतो. एक-दोन लिटर पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं, गाळणीवर उरलेला डीएनए काढायचा आणि पीसीआरने त्या प्रजातीचा खास तुकडा वाढतो का ते पाहायचं. कोविडच्या काळात पीसीआर हा शब्द घरोघरी पोचला, तीच ही पद्धत. नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) त्या काळात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून पीसीआर चाचणी करण्याची सोपी रीत विकसित केली होती. म्हणजे असं काम करण्याचं कौशल्य या शहरात आहे.

जुनी पद्धतही सोडू नये. बारीक जाळीने पाण्यातले सूक्ष्मजीव गोळा करून ध्रुवित प्रकाशात पाहिले की शिंपल्याच्या अळ्यांची कवचं काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. ऑस्ट्रॅकोड नावाचे इवले कवचधारी प्राणीही तसेच चमकतात आणि नवख्याला फसवतात. शंका आली की डीएनए चाचणीकडे जायचं.

जीनोमचं काम इथे येतं. चाचणीत शोधायचा तुकडा असा हवा की तो सोनेरी शिंपल्यात नक्की असेल आणि आपल्या लॅमेलिडेन्स-परेशियात अजिबात नसेल. एकच मायटोकॉन्ड्रियाचं जनुक धरलं तर धोका राहतो. पूर्ण जीनोम हाताशी असेल तर असे अनेक तुकडे निवडता येतात. म्हणून परक्या शिंपल्याइतकंच आपल्या शिंपल्यांचं वाचन महत्त्वाचं आहे, आणि तेही पेंच, वैनगंगा, पैनगंगा, मालगुजारी तलाव अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांचं. आपल्याकडचं कोण हेच नीट लिहून ठेवलेलं नसेल तर परका आला हे ठामपणे कसं सांगणार? चाचणी शिंपला येण्याआधी तयार हवी. तो दिसू लागेपर्यंत अळ्या खालच्या प्रत्येक धरणात पोचलेल्या असतात.

जनुकं बदलून त्याचा नायनाट करता येईल का?

ब्राझीलमध्ये क्रिस्पर या डीएनए कापून बदलण्याच्या तंत्राने जनुक बदलून वंध्य शिंपले तयार करण्याच्या दिशेने काम सुरू आहे. कल्पना मोहक आहे, पण मी सावध आहे. अळीपासून पुन्हा अंडी देणाऱ्या शिंपल्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढवणं अतिशय कष्टाचं असतं. कोट्यवधींच्या संख्येत बदललेले शिंपले पसरायला वेळ लागतो. आणि आपोआप पसरणारा बदल एकदा सोडला की तो चीनमधल्या मूळ नद्यांतही जाऊ शकतो, जिथे हा प्राणी परिसंस्थेचा रीतसर भाग आहे. तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय हे कोणी करू नये.

मग औषध टाकून मारता येत नाही?

बंद जागेत येतं. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या तीन बोटतळांत मायटिलोप्सिस सॅली सापडला. दारं बंद करून क्लोरिन आणि मोरचूद टाकून तो संपवला, कारण तो लवकर सापडला होता. २००६ मध्ये व्हर्जिनियातल्या मिलब्रुक खाणीतल्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइड टाकून झेब्रा संपवला. वाहत्या नदीत किंवा पेंचसारख्या जलाशयात हे शक्य नाही. वाहिनीत क्लोरिन सोडला तर शिंपला कवच मिटून बसतो, म्हणून मात्रा कित्येक दिवस सलग द्यावी लागते. झेब्रा आणि क्वागावर स्यूडोमोनास फ्लुरेसेन्स जिवाणूच्या मेलेल्या पेशींचं एक औषधही निघालं आहे. शिंपला ते अन्न समजून खातो.

मला यात शिकायचं आहे. नागपुरात राहून जमेल?

जमेल. प्राणिशास्त्रासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, माशांच्या बाजूने यायचं तर माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं) तेलंगखेडीचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय, पाण्याच्या बाजूने नीरी. पण आजपासून सुरुवात करायला प्रवेशाची वाट पाहायला नको. वर सांगितलेले जीनोम सार्वजनिक संग्रहांत मोफत उपलब्ध आहेत. साधा लॅपटॉप, लिनक्स आणि थोडं पायथन पुरेसं आहे. सोनेरी शिंपल्याच्या आणि झेब्राच्या मायटोकॉन्ड्रियाचा क्रम उतरवून घ्या आणि शेजारी ठेवून बघा. त्याचबरोबर तलावावर जा, ढीवर बांधवांकडून शिंपले ओळखायला शिका. ज्याने शिंपला हातात घेतलेला नाही त्याला पडद्यावरची अक्षरं नुसती अक्षरंच वाटतात, हे मी अनेक वर्षं पाहतो आहे.

संशयास्पद शिंपला सापडला तर काय करू?

दगडाला, दोराला, बोटीला किंवा जाळीला धाग्यांनी चिकटलेले, दोन-तीन सेंटिमीटरचे, घोळक्यातले शिंपले दिसले तर आधी आहे त्या जागेवर फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. जागेचं नाव, तारीख, पाण्याची खोली लिहा. जिवंत शिंपले घरी किंवा दुसऱ्या तलावावर नेऊ नका, ओलाव्यात ते कित्येक दिवस जगतात. जाळी आणि बूट कडक उन्हात पूर्ण वाळवूनच दुसऱ्या पाण्यात घाला. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन या कामाला फार उपयोगी पडतं.

चार-पाच शिंपले ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कवच किंचित उघडून, म्हणजे अल्कोहोल आत पोचेल. फॉर्मेलिन वापरू नका, त्याने डीएनए खराब होतो. एका दिवसाने अल्कोहोल बदला, कारण शिंपल्यातल्या पाण्याने ते पातळ होतं. बाटली जवळच्या प्राणिशास्त्र विभागात किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या. बाटलीच्या आत घालायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.